उगवण आणि उतारा : सराव शिबिरातल्या फुटबॉलपटूंना कसे जोखावे

जुलै महिन्यात मराठवाड्यात दोन प्रकारचे अंदाज बांधले जातात. ज्यांचे शेत आहे ते सोयाबीनच्या तासांवरून नजर फिरवून यंदा पीक कसे येईल ते ठरवू पाहतात, आणि ज्यांना युरोपातल्या फुटबॉलचे वेड लागले आहे ते पहाटे पाचला उठून अमेरिकेत चाललेला एखादा सराव सामना पाहतात व नऊच्या सुमारास चहाच्या टपरीवर निकाल देऊन मोकळे होतात, की अमुक खेळाडू वाया गेला आणि तमुक यंदा हंगाम गाजवणार. परभणीतला माझा भाचा या दुसऱ्या जमातीतला आहे. शेताचा अंदाज त्याने आपल्या वडिलांवर सोडलेला आहे. १२ जुलै २०२२ च्या संध्याकाळी बँकॉकमध्ये लिव्हरपूल आणि मँचेस्टर युनायटेड या इंग्लंडच्या दोन क्लबांत सराव सामना झाला. लिव्हरपूलने नुकताच पोर्तुगालच्या बेन्फिका क्लबकडून साडेसात कोटी युरो मोजून घेतलेला उरुग्वेचा आघाडीपटू डार्विन नुन्येझ याने त्या सामन्यात जवळून आलेली एक संधी गोलच्या वरून बाहेर मारली. त्या एका फटक्याची चित्रफीत दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत जगभर फिरली होती. लिव्हरपूल ०-४ असे हरले, आणि त्या संघाचा कट्टर चाहता असलेला भाचा मला म्हणाला, “मामा, एवढा पैसा ओतला ह्याच्यावर, अन् समोरचं गोल दिसंना ह्याला.”

नुन्येझचे पुढे काय झाले ते नंतर पाहू. आधी हे समजून घ्यायला हवे की तो सामना मुळात कशासाठी खेळला गेला होता, कारण सराव शिबिरातला सामना बाहेरून खऱ्या सामन्यासारखा दिसतो आणि चाहत्याच्या बहुतेक चुका त्या दिसण्यातूनच होतात.

प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडची सर्वोच्च साखळी स्पर्धा, साधारणपणे ऑगस्टमध्ये सुरू होते आणि मे महिन्यात संपते. त्यानंतर खेळाडू काही आठवडे विश्रांती घेतात व जुलैच्या सुरुवातीला क्लबकडे परततात. ज्यांनी जून-जुलैत आपल्या देशाकडून मोठी स्पर्धा खेळलेली असते ते आणखी उशिरा येतात. परतल्यावर वैद्यकीय तपासणी होते, दमसास मोजला जातो, मग चेंडूसह सराव सुरू होतो आणि पाच-सहा आठवड्यांच्या या शिबिरात सहा-सात सराव सामने गुंफले जातात. या सामन्यांना गुण नसतात. बदली खेळाडूंची मर्यादाही इथे सैल असते: प्रीमियर लीगमध्ये २०२२-२३ पासून एका सामन्यात पाच बदल करता येतात, पण सराव सामन्यात दोन्ही संघांनी आपसांत ठरवून पंचांना आधी कळवले की त्याहून कितीतरी अधिक बदल चालतात. बँकॉकच्या त्या सामन्यात लिव्हरपूलचे प्रशिक्षक युर्गन क्लॉप यांनी अर्ध्या-अर्ध्या तासाने जवळजवळ पूर्ण संघ बदलला, म्हणजे प्रेक्षकांनी पाहिला तो एक संघ नसून एकापाठोपाठ आलेले तीन संघ होते, आणि त्या तिन्हींचा मिळून ०-४ हा निकाल लागला. हा निकाल कोणाच्या नावावर मांडायचा, हे ठरवणेच अवघड आहे.

आपल्याकडे पेरणीपूर्वी सोयाबीनच्या घरच्या बियाण्याची उगवणशक्ती तपासतात. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडून गुंडाळी करायची, ती ओलसर ठेवायची आणि काही दिवसांनी उलगडून किती दाण्यांना कोंब आले ते मोजायचे. सत्तर किंवा अधिक उगवले तर बियाणे पेरणीयोग्य. ही चाचणी चांगली आहे, पण ती एकाच प्रश्नाचे उत्तर देते, की दाणा जिवंत आहे का. एकरी किती क्विंटल उतारा येईल हे ती सांगत नाही, कारण उतारा ठरतो तो ऑगस्टमधला पावसाचा खंड, खोडमाशी आणि काढणीच्या वेळचा पाऊस यांवर. शिवाय कोणताही शहाणा शेतकरी तीन दाणे भिजवून पोते नाकारत नाही. सराव सामना हा असाच एक गोणपाट आहे. प्रशिक्षकाला त्यातून काही ठराविक प्रश्नांची उत्तरे हवी असतात, आणि आपण टपरीवर बसून त्याच गोणपाटाला उताऱ्याबद्दल विचारत असतो.

थकवा तयारीला झाकतो

पहिली मोठी गफलत शरीराबद्दल होते. काही आठवड्यांच्या विश्रांतीत हृदय व फुप्फुसांची क्षमता थोडी उतरते आणि वेगाने धावून एकदम थांबण्याची स्नायूंची सवय मोडते. ती परत आणण्यासाठी शिबिराच्या पहिल्या पंधरवड्यात खेळाडूंना मुद्दाम थकवले जाते. किती थकवायचे याचा हिशेब असतो. बनियनसारख्या पट्ट्यात बसवलेले उपग्रह-यंत्र खेळाडू किती धावला आणि किती वेळा जोरात धावला ते नोंदवते. याखेरीज एक साधी पद्धत आहे, जी कोणत्याही शाळेच्या मैदानावर वापरता येईल: सराव संपल्यावर खेळाडूला विचारायचे, की आजचे कष्ट दहापैकी किती, आणि त्या आकड्याला सरावाच्या मिनिटांनी गुणायचे. नव्वद मिनिटांच्या सरावाला खेळाडूने सात म्हटले तर त्या दिवसाचा भार ६३० झाला. असे रोजचे आकडे जोडत गेले की कोणावर ओझे फार पडते आहे आणि कोणावर कमी, ते कळते.

या भारामुळे दोन गोष्टी एकाच वेळी वाढतात. तयारी वाढते, आणि थकवाही वाढतो. तयारी हळूहळू चढते आणि बराच काळ टिकते. थकवा पटकन चढतो आणि विश्रांती मिळाली की पटकन उतरतो. मैदानावर आपल्याला दिसते ती या दोहोंची वजाबाकी. म्हणून जुलैच्या मध्यावर एखादा खेळाडू दगडासारख्या जड पायांनी खेळत असेल, तर तो तयार नाही असेही असू शकते, आणि त्याची तयारी उत्तम चालली असून वर थकव्याचा थर साचला आहे असेही असू शकते. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. ज्यांचा खेळ झटक्याच्या वेगावर चालतो, अशा विंगरांना, म्हणजे मैदानाच्या कडेने चढाई करणाऱ्यांना, हा थर अधिक नडतो. संथ, जागा धरून खेळणाऱ्या मध्यरक्षकाचा थकवा त्या मानाने लपून जातो. माझ्या मते चाहत्यांचे जुलैतले अर्धेअधिक लाडके मध्यरक्षक या एकाच कारणाने लाडके झालेले असतात.

कुस्ती पाहणाऱ्याला हे नव्याने सांगावे लागत नाही. तालमीत वस्ताद आधी जोर-बैठका मारून घेऊन पैलवानाचा घाम काढतो आणि मग लढत लावतो. त्या लढतीत नावाजलेला पैलवान एखाद्या पोराकडून चीत झाला, तर त्यावरून माळेगावच्या यात्रेतल्या फडाचा निकाल कोणी सांगत नाही. तालमीतले जाणते अशा वेळी पैलवान पडला की नाही याकडे फारसे पाहत नाहीत. पडताना त्याने पाय कुठे ठेवला होता तिकडे त्यांचे लक्ष असते.

त्याच २०२२ च्या जुलैत इंग्लंडच्या टॉटनहॅम क्लबचा संघ दक्षिण कोरियात होता. सोलच्या विश्वचषक मैदानावर हजारो प्रेक्षकांसमोर त्यांचा खुला सराव झाला आणि त्याच्या अखेरीस इटलीचे शारीरिक प्रशिक्षक जान पिएरो व्हेंत्रोने यांनी खेळाडूंना मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ४२ वेळा धावायला लावले. कोरियाचा लाडका सोन हुंग-मिन गवतावर कोसळून पडला, आणि इंग्लंडचा कर्णधार हॅरी केन गुडघ्यांवर बसून ओकला. दोनच दिवसांनी कोरियन लीगच्या निवडक संघाविरुद्ध टॉटनहॅम ६-३ ने जिंकले, त्यात दोघांनी प्रत्येकी दोन गोल केले. पुढच्या हंगामात केनने लीगमध्ये ३० गोल केले. सोनने आदल्या हंगामात २३ गोल करून मोहम्मद सलाहबरोबर सर्वाधिक गोलांचा मान वाटून घेतला होता; या हंगामात त्याचे गोल १० वर आले, आणि संघ आठव्या क्रमांकावर राहिला. शिबिर एक, धावणे एक, ओकारी आणि कोसळणे हेही एकाच संध्याकाळचे, दोन दिवसांनंतरचे गोलही सारखे. आणि हंगाम मात्र दोघांचे अगदी निरनिराळे गेले. त्या संध्याकाळच्या दृश्यातून यातले काय वाचता आले असते, हे मला आजही सांगता येणार नाही.

मुद्दाम वाकडे लावलेले डाव

दुसरी गफलत डावपेचांची. सराव सामन्यात प्रशिक्षक अनेकदा खेळाडूला त्याच्या सवयीविरुद्ध खेळायला लावतो: उजव्या बाजूचा बचावपटू डावीकडे, विंगर मध्यभागी, आणि गोलरक्षकाला बजावलेले असते, की कितीही दबाव आला तरी चेंडू लांब मारायचा नाही, जवळच्या माणसालाच द्यायचा. अशा वेळी गोलरक्षकाकडून चेंडू निसटून गोल झाला तर पाहणाऱ्याला ती घोडचूक वाटते. प्रशिक्षकाच्या लेखी सांगितलेली गोष्ट केल्याबद्दल त्या गोलरक्षकाची शाबासकीही असू शकते.

याचे सर्वांत सुंदर उदाहरण मराठवाड्याला परके नाही, कारण ते त्या हैदराबादचे आहे ज्याच्या संस्थानात १९४८ पर्यंत आपणही होतो. सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबाद सिटी पोलिस संघाचे प्रशिक्षक होते; त्यांच्या या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईत होणारा रोव्हर्स चषक जिंकला. पुढे त्यांच्याच मार्गदर्शनाखाली भारत १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला आणि १९६२ मध्ये जकार्ता येथील आशियाई खेळांत दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून सुवर्णपदक विजेता ठरला. रहीमसाहेब हैदराबादेत अशा स्पर्धा भरवत की ज्यांत खेळाडूने फक्त आपल्या कच्च्या पायाने खेळायचे, किंवा चेंडू घेऊन पळायचे नाही, आला की लगेच पुढे द्यायचा. एखादा अनोळखी प्रेक्षक त्या दिवशी मैदानाच्या कडेला उभा राहिला असता आणि त्याला तो नियम कोणी सांगितला नसता, तर त्याने घरी जाऊन सांगितले असते की हैदराबादच्या पोरांना चेंडू मारता येत नाही. आज युरोपातल्या क्लबचा जुलैतला सामना पाहताना आपण त्या अनोळखी प्रेक्षकाच्याच जागी असतो, कारण त्या दिवसाचा नियम काय होता हे कपडे बदलण्याच्या खोलीत सांगितले गेलेले असते.

मैदानाचाही थोडा विचार करावा. जुलैत आमच्या काळ्या मातीच्या मैदानावर बुटांना चिखलाचे गोळे चिकटतात आणि चेंडू दहा पावलांत थांबतो, त्यामुळे जमिनीलगत पास देणारा मुलगा तिथे नाहक वाईट दिसतो. श्रीमंत क्लबांना चिखल लागत नाही. पण अमेरिकेतल्या काही मैदानांवर कृत्रिम गवतावर तात्पुरते खरे गवत अंथरून सामने होतात, आणि बँकॉक-सिंगापूरचा दमट उकाडा इंग्लंडच्या हवेत वाढलेल्या पायांना निराळाच असतो.

तीन दाण्यांचे गणित

आता जी गफलत सर्वांत मोठी आहे आणि सर्वांत कमी बोलली जाते, तिच्याकडे येऊ. समजा, एक आघाडीपटू शिबिरातले सहा सामने प्रत्येकी पंचेचाळीस मिनिटे खेळला. एकूण २७० मिनिटे झाली, म्हणजे अवघे तीन पूर्ण सामने. समजा, हा खेळाडू खरोखर चांगला आहे आणि ३८ सामन्यांच्या पूर्ण हंगामात १५ गोल करण्याची त्याची कुवत आहे. तीन सामन्यांत त्याच्याकडून सरासरी १.२ गोलांची अपेक्षा धरता येईल. पण गोल वेळापत्रकाने येत नाहीत. ते वळवाच्या सरींसारखे येतात, एका दिवशी दोन आणि मग महिनाभर काहीच नाही. साध्या संभाव्यतेच्या गणिताने पाहिले तर असा चांगला आघाडीपटू तीन सामन्यांत एकही गोल करणार नाही, याची शक्यता दहात तीन आहे. उलट, हंगामात सात-आठ गोलांपलीकडे ज्याची मजल नाही असा सामान्य आघाडीपटू त्याच तीन सामन्यांत दोन किंवा अधिक गोल करील, ही शक्यता साधारण आठात एक आहे. आठात एक म्हणजे कमी वाटते. पण लीगमध्ये वीस क्लब आहेत आणि प्रत्येकात असे दोन आघाडीपटू धरले तर चाळीस झाले. त्यांतले पाच जण दर जुलैत चमकणारच, आणि त्या पाच जणांचीच चर्चा होणार. उरलेले पस्तीस कोणाच्या लक्षातही राहत नाहीत. यात कोणाची लबाडी नाही, दैवही नाही.

चित्रफितींनी हे गणित आणखी बिघडवले आहे. २७० मिनिटे ही आधीच थोडी. त्यांतून आठ सेकंदांचा तुकडा कोणीतरी निवडून आपल्यापुढे ठेवतो. क्लबनेच प्रसिद्ध केलेली चित्रफीत असेल तर तिच्यात प्रत्येक फटका गोलात जातो, प्रतिस्पर्ध्याच्या चाहत्याने काढलेली असेल तर प्रत्येक फटका आकाशात जातो. आणि किंमत आधीच कानावर पडलेली असते. साडेसात कोटींच्या खेळाडूचा चुकलेला फटका आपल्याला फुकट आलेल्या खेळाडूच्या त्याच फटक्यापेक्षा कितीतरी वाकडा दिसतो.

नुन्येझकडे परत येऊ, कारण २०२२ चे ते पाच आठवडे म्हणजे या सगळ्याचा नमुनाच आहेत. बँकॉकनंतर नऊ दिवसांनी, २१ जुलैला, लाइपझिगविरुद्धच्या सराव सामन्यात तो मध्यंतरानंतर मैदानात आला आणि त्याने चार गोल केले. तेच लोक त्याला आता डोक्यावर घेऊ लागले. ३० जुलैला लेस्टरमध्ये मँचेस्टर सिटीविरुद्ध कम्युनिटी शील्डचा, म्हणजे इंग्लंडमधल्या हंगामाच्या तोंडावरच्या एका चषकाचा, सामना झाला. नुन्येझने गोल केला, लिव्हरपूल ३-१ ने जिंकले आणि सिटीने नव्याने आणलेल्या अर्लिंग हालांडने अगदी शेवटी गोलसमोरून चेंडू आडव्या खांबावर मारला. आता चित्रफीत हालांडची फिरली. आठ दिवसांनी हालांडने लीगच्या आपल्या पहिल्याच सामन्यात दोन गोल केले आणि हंगाम संपेपर्यंत ३६, जो प्रीमियर लीगच्या एका हंगामातला विक्रम ठरला. नुन्येझला १५ ऑगस्टला घरच्या मैदानावरच्या पहिल्याच लीग सामन्यात प्रतिस्पर्ध्याला डोके मारल्याबद्दल लाल कार्ड मिळाले, आणि हंगामात त्याचे लीगमधले गोल झाले ९.

इथे भाचा लगेच म्हणेल की शेवटी त्याचेच म्हणणे खरे ठरले. सोप्या संधी दवडणारा आघाडीपटू ही नुन्येझची ओळख पुढेही पुसली गेली नाही, हे मान्य करावेच लागते. पण बँकॉकच्या फटक्यावरून ते कळले होते असे म्हणायचे, तर कम्युनिटी शील्डच्या फटक्यावरून हालांडबद्दल जे कळले होते तेही खरे ठरायला हवे होते. याला कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडणे म्हणतात.

संघांच्या निकालांचेही असेच असते. २०१४ मध्ये लुई व्हान गाल यांच्या मँचेस्टर युनायटेडने अमेरिकेत लॉस एंजेलिस गॅलक्सीला ७-० ने, मिशिगनमध्ये १,०९,३१८ प्रेक्षकांसमोर रेआल माद्रिदला ३-१ ने आणि त्या दौऱ्यातल्या सराव स्पर्धेच्या अंतिम सामन्यात लिव्हरपूललाही ३-१ ने हरवले; मग लीगचा पहिला सामना स्वतःच्या मैदानावर ते स्वान्सीकडून १-२ असे हरले. २०१९ च्या जुलैत न्यू जर्सीत अॅटलेटिको माद्रिदने रेआल माद्रिदवर ७-३ असा विजय मिळवला. दिएगो कोस्टाने त्यात चार गोल केले, आणि स्वभावाला जागून लाल कार्डही घेतले. त्या हंगामात स्पेनची लीग जिंकली रेआल माद्रिदने, आणि कोस्टाचे लीगमधले गोल झाले पाच.

मग पहाटे पाचला उठून पाहायचे काय?

हा प्रश्न भाच्याने खरोखर विचारला, आणि तो रास्त आहे. सराव शिबिरातून काहीच कळत नसते तर प्रशिक्षकांनी हे सामने खेळवलेच नसते. फक्त नजर गोलफलकावरून काढून दुसरीकडे न्यावी लागते.

सर्वांत विश्वासाची खूण म्हणजे मिनिटे आणि सोबत. कोणता खेळाडू किती मिनिटे खेळला आणि कोणाबरोबर खेळला, हे प्रशिक्षकाचे मत आहे, आणि ते त्याने पत्रकारांना न सांगता आपल्याला दाखवलेले असते. पहिल्या सामन्यात ४५, मग ६०, मग ७५ आणि शेवटच्या सामन्यात ९० मिनिटे असा चढता आलेख असेल, तर तो खेळाडू हंगामाच्या पहिल्या सामन्यासाठी तयार केला जातो आहे. जो शेवटच्या सराव सामन्यातही दुसऱ्या सत्रात नवख्या पोरांबरोबर उतरतो, त्याने जुलैत तीन गोल केलेले असले तरी तो बाकावर बसण्याची शक्यता मोठी. म्हणून एकच सामना पाहायचा झाला तर लीगपूर्वीचा अखेरचा पाहावा. पहिले दोन झोपेत गेले तरी फारसे बिघडत नाही.

दुसरी खूण अनुपस्थितीची. बँकॉकच्या त्या सामन्यात युनायटेडच्या चार गोलांची चर्चा झाली, पण क्रिस्तियानो रोनाल्डो कौटुंबिक कारण सांगून त्या दौऱ्यावर आलेलाच नव्हता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याचा क्लबशी करार संपुष्टात आला. दौऱ्यावर न येण्याची कारणे शंभर असतात आणि दुखापत हे त्यांतले सर्वांत सामान्य. तरीही यादीत नसलेले नाव चुकलेल्या फटक्यापेक्षा नेहमीच अधिक विचार करायला लावणारे असते.

तिसरी गोष्ट सवयींची. फटका गोलात गेला की नाही यात योगायोग फार असतो, पण खेळाडू चेंडूविना काय करतो त्यात योगायोग थोडा आणि सवय जास्त असते. नॉर्वेचे अभ्यासक गेइर योर्डेट यांनी मध्यरक्षकांच्या एका बारीक सवयीचा अनेक वर्षे अभ्यास केला: चेंडू पायाशी येण्यापूर्वीच्या काही सेकंदांत खेळाडू मान वळवून मागे व बाजूला किती वेळा पाहतो. जे अधिक वेळा पाहतात त्यांचे पुढच्या दिशेचे पास अधिक यशस्वी होतात, असे त्यांना आढळले. माझ्या अंदाजाने ही मान वळवण्याची सवय थकव्याने फारशी झाकली जात नाही. अडचण एवढीच की दूरचित्रवाणीचा कॅमेरा चेंडूमागे धावतो, त्यामुळे ती दिसत नाही. मैदानावर जाऊन पाहिली तर दिसते. याच कारणाने मी भाच्याला सांगतो की पहाटेचा सामना सोडून दे आणि संध्याकाळी छत्रपती संभाजीनगरच्या आमखास मैदानावर किंवा आपल्याच गावात पोरांचा सराव चालू असेल तिथे कडेला उभा राहा, आणि एका पोराची निवड करून दहा मिनिटे चेंडूकडे न पाहता फक्त त्याच्याकडे पाहा. चेंडू गमावल्यावर तो पहिली तीन पावले कोणत्या दिशेने टाकतो, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते. भाच्याने हे अजून केलेले नाही.

शिबिरातल्या सामन्याला जितकी खरी किंमत असेल तितके त्यातून अधिक कळते, हे आपल्या देशातल्या उदाहरणाने स्पष्ट होते. १८८८ मध्ये सिमल्यात सुरू झालेला ड्युरँड चषक अलीकडच्या काही वर्षांत जुलै ते सप्टेंबरच्या दरम्यान, म्हणजे इंडियन सुपर लीग या भारतातल्या क्लबांच्या साखळी स्पर्धेच्या आधी होत आला, आणि अनेक क्लबांनी त्याचा उपयोग हंगामपूर्व तयारीसाठी केला. पण तो खरा चषक आहे, त्यात बाद होण्याची भीती आहे. २०२४ च्या अंतिम सामन्यात कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर नॉर्थईस्ट युनायटेड मोहन बागानविरुद्ध ०-२ ने मागे होते; त्यांनी २-२ अशी बरोबरी साधली आणि पेनल्टीवर चषक जिंकला. पुनरागमनाचा पहिला गोल नव्याने आलेल्या मोरोक्कोच्या अलाएद्दीन अजराई याचा होता. पुढे २०२४-२५ च्या सुपर लीगमध्ये त्याने २३ गोल केले, तितके त्या स्पर्धेच्या एका हंगामात आधी कोणीच केले नव्हते. त्या ऑगस्टमध्ये ज्यांनी त्याला ओळखले त्यांच्या नजरेला दाद द्यावी लागेल. मात्र त्यांनी त्याला भरल्या मैदानात, पिछाडीवर असलेल्या संघात पाहिले होते.

प्रशिक्षकाची अवस्था या बाबतीत आपल्याहून बरी असली तरी फार बरी नसते. आपण सहा अर्धे सामने पाहतो, तो त्यांच्या जोडीला रोजचे सराव, धावण्याचे आकडे आणि जेवणाच्या टेबलावरचे चेहरे पाहतो. पण खेळाडू घेण्या-देण्याची मुदत ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरच्या आरंभी संपते, आणि तोवर लीगचे तीन-चारच सामने झालेले असतात, म्हणजे निर्णय त्यालाही मूठभर दाण्यांवरच घ्यावा लागतो. बँकॉकमध्ये ४-० ने जिंकलेले मँचेस्टर युनायटेड २०२२ च्या लीगमधले पहिले दोन सामने ब्रायटनकडून १-२ आणि ब्रेंटफर्डकडून ०-४ असे हरले. त्याच महिन्यात त्यांनी रेआल माद्रिदकडून कासेमिरोला आणले आणि मुदत संपता संपता आयाक्सकडून साडेनऊ कोटी युरोंना ब्राझीलचा विंगर आन्तोनी घेतला. आन्तोनीने लीगमधल्या आपल्या पहिल्या तिन्ही सामन्यांत एकेक गोल केला, पहिला आर्सेनलविरुद्ध, दुसरा मँचेस्टर सिटीविरुद्ध आणि तिसरा एव्हर्टनविरुद्ध. हे सराव सामने नव्हते. त्यानंतर तो त्या हंगामात लीगचे आणखी २२ सामने खेळला, आणि त्यांत त्याचा गोल झाला एक.